अब्बांची हलकी रजई आणि हरिश्चंद्रगडावरची रात्र

पिंजाऱ्याच्या घरातलं लेकरू थंडीनं कुडकुडलं, ही गोष्ट आम्ही बरेच दिवस अब्बांना सांगितलीच नव्हती.

अब्बांनी उभं आयुष्य कापूस पिंजण्यात घालवलं. दसरा उलटला की पिंजण खांद्यावर टाकून ते संगमनेरच्या आळीआळीतून फिरायचे. तातेचा तो तुंई-तुंई आवाज आला की बायका वर्षभर दबलेल्या गाद्या-रजया बाहेर काढायच्या. पुढे कापूस पिंजायची यंत्रं आली, मग तयार गाद्यांची दुकानं आली आणि पिंजण भिंतीवरच्या खुंटीला लागलं. त्याच कमाईवर आमचं बी.एड. झालं. आज आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. खरं सांगायचं तर, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते पिंजण पाहुण्यांच्या नजरेला पडू नये अशीच आमची धडपड असे. हे लिहिताना आज लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे. कारण डोंगरावर रात्र कशी काढायची, हे शेवटी त्या खुंटीवरच्या पिंजणाच्या मालकानंच आम्हाला शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मुलांनी हट्ट धरला. अकोले तालुका आपल्या शेजारी, हरिश्चंद्रगड एवढ्या जवळ आणि आपण तो फक्त मोबाइलवर पाहायचा? आम्ही निघालो. आम्ही दोघं, दहावीतला थोरला आणि सातवीतली धाकटी. सामान बांधताना मात्र घर हलवल्यासारखं झालं. एका परिचितांकडून चौघांचा तंबू आणला, तो चार किलोंचा. अब्बांच्या हातच्या दोन कापसाच्या रजया घेतल्या, प्रत्येकी साडेतीन किलो. शिवाय प्लॅस्टिकची चटई, भांडी, चादरी. एसटीनं अकोल्यावरून राजूर गाठलं. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ओळखलं जाणारं हे गाव. तिथून जीपनं पाचनईला पोहोचेपर्यंत थोरल्याच्या खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठले होते. एवढं ओझं घेऊन गड चढणं होणार नाही, हे दिसतच होतं. म्हणून पायथ्याच्या गावातच मुक्काम केला.

जागा आम्हीच निवडली. गावाखाली ओढ्याच्या काठाला एक मऊ, सपाट, हिरवळीचा तुकडा होता. तंबू लावला, थंडी आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या, चेन घट्ट लावल्या, चटई अंथरली आणि दोन्ही रजया अंगावर घेऊन झोपलो.

रात्री दोनच्या सुमारास धाकटी उठून बसली. दात वाजत होते. तिला पोटाशी धरलं तर पाठ बर्फासारखी गार. रजईवर हात फिरवला, ती ओलसर! तंबूच्या छतावर आमच्याच श्वासाचं पाणी जमून टपटपत होतं. आम्ही तिच्या अंगावर स्वेटर चढवले, चादरी टाकल्या, पण हुडहुडी थांबेना. थोड्या वेळानं ती बोलेनाशी झाली तेव्हा आमचं काळीज हललं. तिला उचलून, बॅटरीच्या उजेडात, संध्याकाळी जिथे भाकरी खाल्ली होती त्या घराचं दार वाजवलं.

त्या घरच्या मावशींनी एक शब्दही विचारला नाही. त्यांच्या मालकांनी पडवीत भाताच्या पेंढ्याचा चांगला वीतभर थर पसरला, त्यावर आपली घोंगडी अंथरली आणि धाकटीला तिच्यावर झोपवलं. मावशींनी ओले कपडे बदलून कोरडे घातले, डोक्याला फडकं बांधलं आणि वरून एकच गोधडी टाकली. आम्ही आणखी एक टाकायला गेलो तर मावशी म्हणाल्या, "वरून नगा घालू आता. थंडी खालून लागलीया पोरीला." अर्ध्या तासात तिच्या पायांत ऊब आली आणि ती झोपली. आम्ही मात्र दिवस उगवेपर्यंत तिच्या उशाशी जागे होतो.

गड न चढताच आम्ही परतलो.

घरी महिनाभर कुणी विषय काढला नाही. शेवटी धाकटीच बोलून गेली. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त विचारलं, "रजई ऊपर थी या नीचे?"

"वर, अब्बा. दोन्ही वर."

"और नीचे?"

"चटई."

ते हसले. मग आतून एक जुनी, दबलेली उशी आणून त्यांनी टाके उसवले आणि मूठभर कापूस धाकटीच्या एका हातावर ठेवला. दुसऱ्या मुठीतला कापूस त्यांनी बोटांनी सोडवला, फुलवला, तो फुगून ओंजळभर झाला, आणि तिच्या दुसऱ्या हातावर ठेवला. कापूस तेवढाच, पण फुलवलेला हात थोड्याच वेळात गरम वाटू लागला. अब्बा म्हणाले, कापसात गरमी नसते. गरमी तुझ्या अंगात असते. कापूस फक्त हवा धरून ठेवतो, आणि अडकलेली हवा अंगातली गरमी बाहेर जाऊ देत नाही. पिंजारी कापूस नाही विकत, पिंजारी हवा भरतो. म्हणून तर लोक दरवर्षी रजई पुन्हा पिंजून घेत. आता तू रजईवर झोपलीस तर तुझ्या वजनानं तिच्यातली हवा निघून जाते, ती अशी दबते. आणि ओली झाली तर कापूस पाणीच पिऊन बसतो.

बी.एड.ला अध्यापनाच्या पद्धती शिकलेल्या आम्हाला इतका चोख पाठ कुणी दिला नव्हता.

मग आम्हीही वाचायला बसलो. जगभरचे दूरचे पदयात्री नेमकं हेच सांगताना दिसले. अमेरिकेतल्या रे जार्डीन या गिर्यारोहकानं आपल्या पत्नीसोबत, जेनीसोबत, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंतची ४,२०० किलोमीटरहून लांब वाट अनेकदा चालून काढली. १९९२ साली त्यानं या वाटेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. झोपायच्या पिशवीचा, म्हणजे स्लीपिंग बॅगचा, पाठीखालचा भाग अंगाच्या वजनानं दबतो आणि निकामी होतो. मग तो वाहायचाच कशाला? खाली फोमची चटई, वर दोघांत एक रजई आणि डोक्यावर तंबूऐवजी एक ताणलेलं कापड. ही रजई आणि ते कापड दोघं नवरा-बायको घरीच शिवत.

एमा गेटवुडची गोष्ट तर आम्ही वर्गातही सांगितली. अकरा मुलांची ही आई १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, घरी "जरा फिरून येते" एवढंच सांगून निघाली आणि अॅपलाचियन ट्रेलची सुमारे ३,३०० किलोमीटरची वाट एकटीनं चालली. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, आत एक ब्लँकेट आणि पावसापासून आडोशाला न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. आमच्या अम्मींनी हे ऐकून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अल्लाह! और घरवालों ने जाने दिया?"

अमेरिकेपर्यंत कशाला जायचं! आपल्याकडचे धनगर मेंढरांमागे महिनोन्महिने रानात राहतात. त्यांच्या खांद्यावरची एक घोंगडी रात्री अंथरूण होते, पांघरूण होते आणि पावसात डोक्यावरची खोळ होते. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब धरून राहते, म्हणून त्यांनी ती निवडली. पाचनईच्या पडवीत आमच्या लेकीखाली तीच होती.

मार्चमध्ये अब्बांनी रजई शिवायला घेतली. कापूस नको हे त्यांनीच ठरवलं. बाजारातून पॉलिएस्टर फायबरची शीट आणली, एका चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाची. तिचे दोन थर. बाहेरून-आतून जॅकेटच्या अस्तराला लावतात ते टॅफेटा, चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या आसपास. पाणी न शिरणारं कापड दुकानदार पुढे करत होता, पण अब्बांनी नाकारलं. अंगाची वाफ बाहेर गेली नाही तर माणूस आतल्या आत भिजतो, हे त्यांचं म्हणणं. लांबी दोन मीटर, रुंदी दोन मीटर, म्हणजे दोघांना एक. हिशोब कागदावर मांडला तर एक रजई सव्वा किलोच्या थोडी वर जात होती. अब्बांचा विश्वास बसेना. त्यांच्या आयुष्यात दोघांची रजई सव्वा किलोची कधी झाली नव्हती.

खरी खोच टाक्यांत होती. कापसाच्या रजईला आरपार टाके लागतात, नाहीतर कापूस एका बाजूला गोळा होतो. पण जिथे आरपार टाका पडतो तिथे रजई दबते आणि त्या रेषेतून थंडी शिरते. फायबरची शीट आपली आपण सपाट राहते. म्हणून अब्बांनी कडा पक्क्या शिवल्या आणि मधे हातभर अंतरावर दाभणानं सैल गाठी तेवढ्या मारल्या. पायाकडचा दोन वितींचा भाग पिशवीसारखा बंद केला, म्हणजे झोपेत पाय उघडे पडत नाहीत. गळ्याकडच्या काठात नाडी ओवली. बाजूंना दोन-दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या लावल्या. त्या फोमच्या चटईखालून घ्यायच्या, म्हणजे थोरला कूस बदलताना सगळी रजई घेऊन जाणार नाही. अशा दोन रजया झाल्या. ऐंशीच्या घरातला माणूस, डोळ्यांना कमी दिसतं. दाभणात दोरा धाकटी ओवून द्यायची आणि अब्बा शिवायचे. घरात कित्येक वर्षांनी काम मांडलं गेलं होतं.

आडोशाच्या कापडावरून मात्र घरात वाद झाला. ते तीन बाय चार मीटरचं होतं. दोन काठ्यांवर आढ्यासारखं ताणायचं, दोन्ही बाजू उतरत्या, पुढून-मागून मोकळं. अम्मींना ते मुळीच पसंत पडेना. "भिंत नाही, दार नाही, त्यात पोरीबाळी घेऊन झोपणार?" तेव्हा अब्बांनी त्यांना हजची आठवण करून दिली. "मुजदलिफात कुठे भिंती होत्या? चटईवरच रात्र काढली ना आपण?" अम्मी गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिथे लाखो माणसं सोबत होती." तेही खरंच होतं. म्हणून ठरलं की एकट्यानं कुठे आडवाटेला राहायचं नाही, इतर लोक मुक्काम करतात तिथेच करायचा.

गेल्या जानेवारीत पुन्हा पाचनई. या वेळी चौघांचं अंथरूण-पांघरूण आणि छप्पर मिळून पाच किलोंच्या आसपास: रजया अडीच किलोंच्या थोड्या वर, ताडपत्री सव्वा किलो, चार कॅरीमॅट मिळून तेवढ्याच. मावशींच्या घरी आधी गेलो. धाकटीला पाहून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि नाचणीची भाकरी-पिठलं वाढलं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे नाक्यावर नोंद केली आणि मुक्कामाला परवानगी कुठे आहे तेही विचारून घेतलं. हे नियम बदलत असतात, वाचकांनीही आधी विचारावं.

पाचनईची वाट गडाच्या वाटांमध्ये सोपी मानली जाते. सुरुवातीला झाडी, मग एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाणारी पायवाट. डोक्यावर कातळ पुढे झुकलेला आणि डाव्या-उजव्या हाताला रान. वाटेत ओढ्यानं घासून गुळगुळीत केलेला खडक लागतो. पाठ हलकी असली की माणसाला आजूबाजूला बघायला सवड मिळते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. धाकटी कारवीची वाळकी झुडपं मोजत चालली होती. सात वर्षांतून एकदा फुलणारी ही कारवी पुन्हा कधी फुलेल, याचा हिशोब थोरला मांडत होता.

वर पोहोचल्यावर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी मंदिर, पुष्करणी, तारामती शिखराच्या पोटातल्या गुहा, आणि केदारेश्वराच्या लेण्यातलं ते कमरेइतकं गार पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि तरी छत उभं आहे. मुलं बराच वेळ तिथून हलेनात. ज्यांनी हा कातळ आतून कोरला त्यांच्या छिन्नीच्या खुणा पाहिल्या की कुठल्याही कारागिराच्या घरातल्या माणसाचा हात आपोआप त्या दगडाकडे जातो. संध्याकाळी कोकणकडा. जमीन एकदम संपते आणि कडा आत वळून नालासारखा उभा राहतो. खाली कोकणातली बेलपाड्याची घरं काडेपेट्यांएवढी. मावळत्या सूर्यासमोर आम्ही काठापासून दूर, पोटावर झोपूनच पाहिलं.

मुक्कामाची जागा या वेळी शहाण्यासारखी निवडली. गार हवा जड असते, ती रात्री पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणून ओढ्याचा काठ टाळला आणि पठारावरची किंचित उंच, लोकांच्या मुक्कामाजवळची जागा घेतली. कड्यापासून लांब, वाळक्या फांद्यांखाली नाही. जमीन कातळाची, खुंट्या नीट शिरत नव्हत्या. काही दोऱ्या दगडांना बांधल्या. वारा पूर्वेकडून होता, म्हणून त्या बाजूचं कापड जमिनीलगत आणि दुसरी बाजू थोडी उचललेली. ही उघडी टोकं दिसायला गैरसोयीची वाटतात, पण श्वासाची वाफ तिथूनच निघून जाते. वरचं कापड तेवढं दव अंगावर येऊ देत नाही. खाली कॅरीमॅट. रजईला टोपी नसते, म्हणून चौघांच्याही डोक्यावर कानटोपी आणि पायांत कोरडे मोजे. वरच्या टपरीवाल्याकडून उकळतं पाणी घेऊन स्टीलच्या दोन बाटल्या भरल्या आणि त्या मोज्यात गुंडाळून रजईच्या पायाकडच्या पिशवीत ठेवल्या.

हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, असं पुस्तकं सांगतात. त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं आणि थंडी पुस्तकापेक्षा जास्तच वाटत होती. नऊला सगळे आडवे झाले. आम्हाला झोप येईना. दर तासाला धाकटीच्या पाठीवर हात ठेवून पाहत होतो. पाठ गरम होती.

मध्यरात्रीनंतर वारा फिरला. पूर्वेचा वारा थांबला आणि कड्याच्या बाजूनं झोत येऊ लागला. उचललेली बाजू शिडासारखी फुगली, एक खुंटी उपटून आली आणि कापड फडाफडा तोंडावर आपटू लागलं. थोरला आणि आम्ही उठलो, बॅटरी दातांत धरून ती बाजू खाली घेतली, खुंटीच्या जागी मोठा दगड ठेवला, दोरी पुन्हा ताणली. बोटं बधिर झाली. दहा मिनिटं गेली असतील. तंबू असता तर हे झालं नसतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उघड्या छपराला आपलं लक्ष द्यावं लागतं. पावसाळ्यात, लहान मुलं असताना किंवा पहिल्याच मुक्कामाला आम्ही कुणालाही ते सुचवणार नाही. आधी घराच्या गच्चीवर एक-दोन रात्री झोपून बघावं. आम्हीही झोपलो होतो.

रजईत परत शिरलो तेव्हा आतली ऊब अजून तशीच होती. या सगळ्या धांदलीत धाकटी जागीसुद्धा झाली नाही.

फजरला बाटल्या काढल्या तर पाणी अजून कोमट होतं. त्या पाण्यानं वजू केला आणि दवानं भिजलेल्या पठारावर कॅरीमॅट अंथरून नमाज पढलो. मग धाकटीला उठवलं. तिनं रजईतून फक्त नाक बाहेर काढलं आणि विचारलं, "गड चढायचाय का अजून?" तिला वाटलं आपण पाचनईतच आहोत. अल्हम्दुलिल्लाह, वर्षभर मनात अडकलेली ती दुसरी रात्र तिथे निघून गेली.

घरी पोहोचलो तेव्हा अब्बा ओट्यावर बसलेले होते. प्रवास कसा झाला, कडा कसा आहे, काही विचारलं नाही. रजई मागितली. मांडीवर पसरून, डोळ्यांजवळ नेऊन, बोटांनी एकेक गाठ चाचपली. ओलसरपणा पाहिला, फायबर कुठे दबलाय का ते पाहिलं. पायाकडच्या पिशवीजवळ एक टाका सुटला होता.

"इथे बाटली ठेवली होती का?"

"हो, दादाजान. गरम पाण्याची."

"तर मग इथे दुहेरी टाका हवा. मला आधी सांगायचं."

त्यांनी धाकटीला दाभण आणायला सांगितलं. ती आत गेली आणि येताना खुंटीवरच्या पिंजणावरची धूळही पुसून आली. आता ते पिंजण बैठकीत, दाराशेजारच्या भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, आणि आम्ही सांगतो.